स्मार्ट वीजमीटरचे रीडिंग स्वतः कसे घ्यावे

घरी स्मार्ट मीटर बसले की बहुतेक जण त्याच्याकडे फिरकत नाहीत, कारण रीडिंग आता आपोआप जाते, मीटर रीडरची वाट पाहावी लागत नाही, असे बसवताना सांगितलेले असते. ते खरेही आहे. महावितरण ज्याला टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर म्हणते त्यात संदेशवहनाचा भाग असतो आणि तो ठरलेल्या वेळी साठवलेले आकडे कंपनीच्या यंत्रणेकडे पाठवतो. मात्र बिलावर छापून येणारा किंवा ॲपमध्ये दिसणारा आकडा ही त्या नोंदीची प्रत असते. मूळ नोंद मीटरच्या आतच राहते आणि पडद्यावर ती कोणालाही वाचता येते. त्यासाठी पासवर्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही. अडचण एवढीच, की जुन्या चक्रीच्या मीटरवर एकच आकडा असे, तर या पडद्यावर एकामागून एक दहा-पंधरा आकडे येतात, आणि त्यांतला आपल्या बिलाचा आकडा कोणता हे ओळखावे लागते. या लेखातील बराचसा भाग त्या ओळखीवरच खर्च केला आहे.

स्वतः रीडिंग घेण्याचे प्रसंग थोडे असले तरी नेमके असतात. तळघरातल्या किंवा लोखंडी पेटीतल्या मीटरला मोबाइलचे जाळे नीट मिळत नसेल, तर रीडिंग पोहोचत नाही आणि बिल सरासरीने येऊ शकते. जुने मीटर काढून नवे बसवले जात असेल, भाडेकरू बदलत असेल, घर काही महिने बंद राहणार असेल, किंवा एखाद्या महिन्याचे बिल अचानक फुगले असेल, तर पडद्यावरचा आकडा, तारीख आणि वेळ यांची आपल्या हातची नोंद असणे उपयोगी पडते. पुढील वर्णन महाराष्ट्रातील सिंगल फेज घरगुती जोडणी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. मीटर बनवणाऱ्या कंपन्या अनेक असल्यामुळे पडद्यावरील क्रम आणि खुणा थोड्याफार बदलतात. आयएस १६४४४ हे स्मार्ट मीटरचे भारतीय मानक मात्र सर्वांना सारखेच लागू असते, त्यामुळे मुख्य नोंदी सगळीकडे सापडतात.

आधी मीटर आपलाच आहे याची खात्री

इमारतीच्या जिन्याखाली एका ओळीत बारा-पंधरा मीटर असतात, आणि प्रत्येकाखाली खडूने किंवा रंगाने सदनिकेचा क्रमांक लिहिलेला असतो. त्या क्रमांकावर विश्वास ठेवू नये. मीटर बदलताना हे आकडे पुसले जातात, कधी पाटी शेजारच्या मीटरखाली लागते, आणि मग वर्षभर एका घराचा वापर दुसऱ्याच्या नावावर पडत राहतो. वीजबिल सोबत घेऊन जावे आणि बिलावरील मीटर क्रमांक मीटरच्या दर्शनी पट्टीवर छापलेल्या क्रमांकाशी एकेक अंक लावून पाहावा. बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांकही असतो, पण तो जोडणीचा क्रमांक आहे; मीटर बदलला तरी तोच राहतो, म्हणून मीटर ओळखण्यासाठी तो कामाचा नाही.

क्रमांक जुळला तरी आणखी एक तपासणी करावी, कारण क्रमांक बरोबर असूनही त्या मीटरमधून निघणारी तार दुसऱ्याच घरात जात असल्याचे प्रकार घडतात. घरातला मेन स्विच बंद करावा आणि मीटरकडे पाहावे. लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे आणि पडद्यावरील तात्कालिक भार शून्यावर आला पाहिजे. दिवा थांबताना पेटलेल्या अवस्थेत थांबला किंवा विझलेल्या, याला महत्त्व नाही. तो पुन्हा लुकलुकता कामा नये, एवढेच पाहायचे. मेन स्विच बंद असूनही लुकलुकणे चालू राहिले, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या दरम्यान कुठेतरी वीज खर्च होत आहे किंवा जोडणीच अदलाबदल झालेली आहे, आणि तेथून पुढचे काम परवानाधारक वायरमनचे किंवा वीज कंपनीच्या माणसाचे आहे. हे करताना फ्रिज, संगणक यांचा विचार आधी करावा, आणि घरातले कोणी लिफ्टने खाली येत असेल तर काळजी नको, कारण लिफ्टचा मीटर वेगळा असतो.

मीटरजवळ जाताना हात कोरडे असावेत, पायांत रबरी चप्पल असावी, आणि पावसाळ्यात मीटरच्या खोलीत पाणी साचले असेल किंवा भिंत ओली असेल तर रीडिंगचा विचार त्या दिवशी सोडून द्यावा. पडदा पाहण्यासाठी सील तोडण्याची, झाकण उचलण्याची किंवा तारांना हात लावण्याची गरज कधीच पडत नाही. स्मार्ट मीटर झाकण उघडल्याची, जवळ चुंबक आणल्याची आणि तारा उलटसुलट जोडल्याची वेळेसह नोंद ठेवतो, आणि मीटरशी छेडछाड हा वीज कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार गुन्हा आहे. कुतूहलापोटी केलेली खटपट नंतर समजावून सांगणे अवघड जाते.

पडद्यावर काय काय येते

मीटर स्वतःहून आकडे एकामागून एक दाखवत राहतो आणि प्रत्येक आकडा काही सेकंद टिकतो. शेजारी एक लहान बटण असते. ते दाबले की पुढचा आकडा लगेच येतो आणि अनेक मीटरांत आपोआप न दिसणारे जास्तीचे आकडेही समोर येतात. बटण हलकेच एकदा दाबून सोडावे. वीज गेलेली असताना पडदा कोरा दिसतो, पण बहुतेक मीटरांत आतल्या बॅटरीवर, बटण दाबल्यानंतर थोडा वेळ पडदा जागा होतो.

सुरुवातीला सगळे अंक ८ दाखवणारा एक पडदा येतो. तो बिघाड नसून पडद्याची स्वतःची चाचणी असते, आणि ती दुर्लक्षित करण्यासारखी नाही. हे अंक सात लहान रेघांनी बनतात. प्रत्येक जागी पूर्ण ८ दिसतो का, हे पाहावे. मधली रेघ मेलेली असेल तर ८ चा ० दिसतो, वरची उजवी रेघ गेली असेल तर ९ चा ५ आणि ८ चा ६ दिसतो, आणि सर्वांत वरची आडवी रेघ नसेल तर ७ हा १ वाटतो. शेकड्याच्या जागी असे झाले तर रीडिंग शेकडो युनिटांनी चुकते, आणि वाचणाऱ्याला आपण चुकलो आहोत हे कळतही नाही.

यानंतर तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट, तात्कालिक भार, पॉवर फॅक्टर, एकूण युनिट, महिन्यातील कमाल मागणी, मीटर क्रमांक अशा नोंदी येतात. आकड्याच्या उजवीकडे एकक इंग्रजी अक्षरांत असते आणि सगळी ओळख त्या एककावर अवलंबून आहे. व्ही म्हणजे व्होल्टेज. घरात तो २३० च्या आसपास असतो. ए म्हणजे करंट. केडब्ल्यू म्हणजे या क्षणी किती किलोवॅट भार चालू आहे. केडब्ल्यूएच म्हणजे आजवर वापरलेले एकूण किलोवॅट-तास, म्हणजेच आपण ज्याला युनिट म्हणतो ते. घरगुती बिल याच आकड्यावर निघते. केव्हीएएच (किलोव्होल्ट-अँपिअर-तास, म्हणजे पॉवर फॅक्टर न धरता मोजलेली वीज) हा त्याचा जुळा भाऊ आहे आणि फसवतो तोच. तो दिसायला सारखा, वाढतोही सारखाच, पण घरगुती बिलाशी त्याचा संबंध नाही. मी स्वतः सुरुवातीचे दोन महिने केव्हीएएचचा आकडा इमानाने वहीत लिहीत होतो आणि बिल माझ्या हिशेबापेक्षा कमी का येते, या विचारात पडलो होतो. बिल जास्त आले असते तर तक्रारही करून बसलो असतो.

या दोघांत गोंधळ होऊ नये म्हणून एक पक्की खूण आहे. एकाच मीटरवर केव्हीएएच हा केडब्ल्यूएच इतका किंवा त्याहून मोठाच असतो, कधीही लहान नसतो. पडद्यावर १५३८.९ आणि १६०१.२ असे दोन आकडे दिसत असतील आणि एककाची अक्षरे घासल्यामुळे किंवा उजेडामुळे वाचता येत नसतील, तर लहान आकडा आपला.

दुसरा फसवा आकडा म्हणजे मागील बिलाच्या वेळचे रीडिंग. स्मार्ट मीटर दर महिन्याच्या शेवटी, म्हणजे सर्वसाधारणपणे १ तारखेच्या मध्यरात्री, त्या क्षणाचे एकूण युनिट वेगळे साठवून ठेवतो आणि बटण दाबत गेल्यावर असे मागच्या महिन्यांचे आकडेही दाखवतो. एककही केडब्ल्यूएच असल्यामुळे हा आकडा चालू रीडिंग समजून लिहिला जातो. यावर उपाय असा, की घरात गिझर किंवा इस्त्री चालू ठेवावी आणि दोन फेऱ्यांत तोच आकडा पुन्हा पाहावा. चालू रीडिंगचे दशांश पुढे सरकलेले दिसतील. साठवलेला आकडा जागचा हलणार नाही. काही मीटरांवर एककाऐवजी सांकेतिक अंक असतात. तेथे १.८.० हा वापरलेल्या एकूण युनिटचा, २.८.० हा आपल्याकडून बाहेर गेलेल्या युनिटचा आणि ९.८.० हा केव्हीएएचचा संकेत होय.

प्रत्यक्ष रीडिंग

छायाचित्रापेक्षा चित्रफीत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. एका छायाचित्रात फक्त आकडा येतो. तो कोणत्या मीटरचा, कोणत्या दिवसाचा, हे त्यावरून सिद्ध होत नाही. सगळे ८ दिसणाऱ्या पडद्यापासून सुरुवात करून पूर्ण फेरी संपेपर्यंत मोबाइलने चित्रण केले, तर मीटरवरची तारीख, वेळ, मीटर क्रमांक, एकूण युनिट आणि व्होल्टेज हे सगळे एकाच अखंड फितीत मिळते. चित्रणाच्या सुरुवातीला मीटरच्या दर्शनी पट्टीवर छापलेला क्रमांक जवळून घ्यावा. फ्लॅश बंद ठेवावा, कारण पुढच्या पारदर्शक झाकणावर उजेडाचा डाग पडतो आणि नेमका अंकच झाकला जातो; त्याऐवजी कोणाला तरी बाजूने टॉर्च धरायला सांगावे. हा पडदा समोरून पाहिल्यास स्पष्ट दिसतो, फार तिरकस पाहिल्यास न पेटलेल्या रेघाही पुसट दिसू लागतात आणि ३ चा ८ वाटू शकतो. मीटर उंचावर असेल तर मान वर करून वाचण्याऐवजी लाकडी स्टुलावर उभे राहावे, किंवा मोबाइल उंच धरून चित्रण करावे.

चित्रण झाल्यावर तिथेच उभे राहून वहीत नोंद करावी. तारीख, घड्याळातील वेळ, मीटरवरची वेळ, मीटर क्रमांक आणि केडब्ल्यूएचचा आकडा दशांशासह लिहावा. सुरुवातीची शून्ये लिहिली नाहीत तरी चालतात. दशांश चिन्ह मात्र विसरू नये, कारण १५३८.९ हा आकडा घाईत १५३८९ असा लिहिला गेला तर तो दहापट होतो. बिलात पूर्ण युनिट धरले जातात, तेव्हा कंपनीला कळवताना १५३८ एवढाच आकडा द्यावा आणि तो वरच्या बाजूला पूर्णांकात बदलू नये. उरलेला दशांश पुढील महिन्यात आपोआप धरला जातो.

लिहिलेला आकडा पुढच्या फेरीत पुन्हा एकदा ताडून पाहावा. तो मागच्या नोंदीपेक्षा कमी आला असेल, तर आपण चुकीची नोंद वाचत आहोत किंवा मीटर बदललेला आहे. तिसरी शक्यता जवळजवळ नसते.

मीटरवरची वेळ लिहायला मी मुद्दाम सांगितले. जून २०२५ च्या दर आदेशानंतर १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रति युनिट ८० पैशांपासून सवलत ठरवण्यात आली. ही वेळ मोजली जाते ती मीटरमधल्या घड्याळाने. भिंतीवरच्या घड्याळाला तिथे किंमत नाही. मीटरचे घड्याळ अर्धा तास पुढे-मागे असेल तर सकाळी नऊला लावलेल्या कपडे धुण्याच्या यंत्राचा काही भाग सवलतीबाहेर जाऊ शकतो. मोबाइलच्या घड्याळाशी तुलना करावी आणि एखाद-दोन मिनिटांपेक्षा मोठा फरक असेल तर लेखी कळवावे. अनेक मीटर वेळेच्या प्रत्येक टप्प्याचे एकूण युनिट वेगळे दाखवतात. ते सगळे मिळून मुख्य केडब्ल्यूएचच्या आकड्याएवढे झाले पाहिजेत, दशांशाचा किरकोळ फरक सोडून. ही बेरीज कोणी करत नाही, पण ती करायला दोन मिनिटे लागतात आणि आपण योग्य नोंदी वाचल्या आहेत का हे तिच्यावरून लगेच कळते.

आकड्यांवरून वापर काढणे

एका रीडिंगला अर्थ नसतो. दोन रीडिंगमधील फरकाला असतो. समजा, १ ऑक्टोबरला सकाळी सातच्या सुमारास १४८६.३ असे रीडिंग होते आणि ११ ऑक्टोबरला त्याच वेळी ते १५३८.९ झाले. दहा दिवसांत ५२.६ युनिट, म्हणजे रोज ५.२६ युनिट वापर झाला, आणि याच गतीने तीस दिवसांत सुमारे १५८ युनिट होतील. दोन्ही वेळा सारख्या ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण एक रीडिंग सकाळी आणि दुसरे रात्री घेतले तर मधला गिझर, वातानुकूलन यंत्र आणि स्वयंपाकघरातील वापर अर्धवट मोजला जातो. राज्यातील घरगुती दर १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे अशा टप्प्यांत वाढत जातात. त्यामुळे महिन्याच्या मध्यावर आपण कोणत्या टप्प्याकडे चाललो आहोत हे कळले, तर त्याचा थेट उपयोग होतो.

बिलाशी ताळा जुळवताना बिलावरील चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि चालू रीडिंगची तारीख पाहावी. घरगुती मीटरला गुणक अवयव सहसा १ असतो, म्हणजे फरक तोच वापर. आपले रीडिंग बिलावरील रीडिंगच्या तारखेनंतर चार दिवसांनी घेतलेले असेल, तर रोजच्या सरासरीने चार दिवसांचे युनिट वजा करून मग तुलना करावी. ॲपमधला आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळत नाही, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. बहुतेक वेळा ॲपमधला आकडा आदल्या मध्यरात्रीचा असतो आणि पडदा या क्षणाचा, म्हणून पडद्यावरचा आकडा दिवसभराच्या वापराएवढा पुढे असणे स्वाभाविक आहे. उलट ॲपचा आकडा पडद्यापेक्षा पुढे असेल, तर तो मीटर आपला नाही असे समजून पुन्हा क्रमांकापासून सुरुवात करावी.

मीटर बरोबर मोजतो का

रीडिंग बरोबर वाचले आणि तरीही वापर पटत नसेल, तर मीटरच्या मोजणीचा ढोबळ अंदाज घरच्या घरी घेता येतो. दर्शनी पट्टीवर लाल दिव्याशेजारी एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२०० किंवा १६००, आणि पुढे इंग्रजीत पल्स प्रति केडब्ल्यूएच अशा अर्थाची अक्षरे असतात. ३२०० म्हणजे एक युनिट खर्च होईपर्यंत दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातील सर्व उपकरणे बंद करून फक्त थंड पाण्याने भरलेला २००० वॅटचा गिझर चालू करावा, कारण गिझर पाणी तापेपर्यंत सलग वीज घेतो, तर इस्त्री मध्येच बंद-चालू होते. १०० वेळा लुकलुकण्यास किती सेकंद लागले हे मोजावे. ३२०० च्या मीटरवर गिझर खरोखरच २००० वॅट घेत असेल तर हे काम सुमारे ५६ सेकंदांत होते. १६०० च्या मीटरवर दुप्पट वेळ लागतो. डोळ्यांनी मोजताना चुकते, म्हणून चित्रण करून ते संथ गतीने पाहावे. एक माणूस वर गिझरजवळ आणि एक खाली मीटरजवळ लागतो; मीटर जिन्याखाली असलेल्या घरांत हे काम सुटीच्या दिवशी, फोन चालू ठेवूनच होते.

प्रत्यक्षात ५६ ऐवजी ६४ सेकंद आले तर दचकू नये. गिझरवर छापलेले २००० वॅट हे २३० व्होल्टसाठी असतात आणि तापणाऱ्या तारेचा भार व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्या वेळी पडद्यावर २१५ व्होल्ट दिसत असतील तर गिझर सुमारे १७५० वॅटच घेतो आणि १०० लुकलुकींना ६४ सेकंद लागतात. म्हणजे मीटर बरोबरच आहे. मीटरच्या पट्टीवर क्लास १ असे छापलेले असेल, तर त्याची मान्य चूक एक टक्क्याच्या आसपास असते, १५८ युनिटांवर दीड युनिट. या घरगुती चाचणीत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चाचणीच्याच ढोबळपणाचा असू शकतो. वीस-तीस टक्के फरक वारंवार दिसला तरच पुढे जावे.

एक गोष्ट मात्र वायरमन मंडळी नेहमी सांगतात आणि ती खरी आहे. सिंगल फेजचा हा मीटर जाणारा आणि परत येणारा, असे दोन्ही करंट मोजतो आणि त्यांत फरक पडला तर सहसा मोठा करंट धरून युनिट मोजतो. जुन्या चाळीत किंवा वाड्यात दोन बिऱ्हाडांचा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) एकत्र बांधलेला असेल, किंवा ओल्या भिंतीतून वीज जमिनीत झिरपत असेल, तर जुन्या मीटरवर न दिसणारा हा वापर नव्या मीटरवर पडू लागतो. अशा वेळी अनेक मीटरांवर अर्थिंगचा लहान दिवा किंवा खूण दिसते. दोष मीटरचा नसून घराच्या वायरिंगचा असतो, आणि मीटर दहा वेळा तपासून घेतला तरी बिल कमी होत नाही. मीटर खोटा आहे असे म्हणण्याआधी वायरिंग तपासून घ्यावे, ते स्वस्तही पडते आणि सुरक्षिततेसाठी आवश्यकही असते.

छतावर सौर पॅनेल असतील तर

अशा घरी मीटर दोन्ही दिशांनी मोजतो. ग्रिडकडून घेतलेले युनिट आणि ग्रिडला दिलेले युनिट या दोन स्वतंत्र नोंदी असतात आणि दोन्ही कायम वाढतच जातात. दिलेले युनिट घेतलेल्यांतून पडद्यावर वजा होतीलच असे नाही. दोन्ही आकडे त्याच फेरीत, त्याच वेळेसह लिहावेत. पॅनेलची एकूण निर्मिती वेगळ्या मीटरवर किंवा इन्व्हर्टरवर पाहावी लागते. निर्मिती ४०० युनिट असून ग्रिडला २५० च गेले म्हणून काही जण तक्रार करतात. उरलेले १५० युनिट दिवसा घरातच वापरले गेलेले असतात.

मीटर बदलला जात असताना

बिलाचे सगळ्यांत चिवट वाद या अर्ध्या तासात जन्माला येतात. जुना मीटर काढण्यापूर्वी त्याचे अखेरचे रीडिंग आणि नव्या मीटरचे सुरुवातीचे रीडिंग, दोन्ही क्रमांकांसह चित्रित करावे. नव्या मीटरवर अगदी शून्य नसून थोडे दशांश असतात, ते कारखान्यातील चाचणीचे असतात, त्यात वावगे काही नाही. मीटर बदलीच्या अहवालावर हे दोन्ही आकडे आपल्यासमोर लिहून घ्यावेत आणि त्याची प्रत किंवा छायाचित्र ठेवावे. कोऱ्या अहवालावर सही करू नये. जुना मीटर एकदा गाडीत गेला की त्याच्यावर काय होते हे दाखवायला तुमच्याजवळ फक्त ते चित्रण उरते. त्या महिन्याच्या बिलात जुन्या मीटरचे युनिट सहसा समायोजित युनिट म्हणून वेगळे दाखवलेले असतात. जुने अखेरचे रीडिंग वजा त्याआधीच्या बिलाचे रीडिंग एवढाच तो आकडा असला पाहिजे.

आकडे जुळले नाहीत तर

पहिली तक्रार कंपनीच्या ॲपवर, संकेतस्थळावर किंवा १९१२ या क्रमांकावर नोंदवावी आणि तक्रार क्रमांक वहीत रीडिंगच्या शेजारीच लिहावा. तक्रारीत कहाणी नको. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, बिलावरील रीडिंग व तारीख, पडद्यावरील रीडिंग व वेळ, आणि दोहोंतील फरक किती युनिटांचा, एवढेच लिहावे. बिल सरासरीने आले असेल तर तसे स्पष्ट लिहून प्रत्यक्ष रीडिंगवर दुरुस्ती मागावी, आणि अनेक महिन्यांचे युनिट एकदम लावले गेले असतील तर ते त्या त्या महिन्यांत विभागून दरांच्या टप्प्यांचा लाभ मिळावा, अशी मागणी करावी. चारशे युनिट एका महिन्यात मोजणे आणि शंभर-शंभर करून चार महिन्यांत मोजणे यांत पैशांचा बराच फरक पडतो.

मीटरच्या मोजणीविषयीच शंका असेल तर मीटर तपासणीसाठी अर्ज करता येतो. विजेच्या ग्राहकांच्या हक्कांविषयीचे केंद्राचे २०२० चे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारण्यात आले. त्यानुसार रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यावर कंपनीने पाच दिवसांत दुसरा, पडताळणीचा मीटर बसवायचा असतो आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची असते. अर्जात या तरतुदीचा उल्लेख करावा. पडताळणीचा मीटर बसला की दोन्ही मीटरांचे रीडिंग आपणही दर आठवड्याला एकाच वेळी घ्यावे, नाहीतर तीन महिन्यांनी हाती फक्त कंपनीचे आकडे असतात.

वाद चालू असताना बिल न भरता बसणे धोक्याचे आहे. वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये याची वाट दिलेली आहे. मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतील जी कमी असेल ती आक्षेप नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. कंपनीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे जाता येते. तेथे अर्जासोबत वहीच्या पानांची छायाप्रत आणि चित्रणाच्या तारखा जोडाव्यात. मूळ चित्रण मोबाइलमध्ये जसेच्या तसे ठेवावे, कारण संदेशातून पुढे पाठवलेल्या फितीचा दर्जा उतरतो आणि पडद्यावरचे अंक वाचता येत नाहीत.